साग्रांतिनो प्यायलो, तोंड कोरडं पडलं. वाइन खराब होती का?

खादाड_मुशाफिर: इटलीतल्या उंब्रियात फिरताना मोंतेफाल्को गावाला साग्रांतिनोची 2020 ची बाटली घेतली, संध्याकाळी रूमवर उघडून तशीच प्यायला बसलो तर पहिल्या दोन घोटांतच जीभ टाळूला चिकटली, दात खरखरीत. वास मस्त, काळ्या बेरीचा, थोडा मसाल्याचा, पण चव म्हणजे कच्चं केळं चावल्यासारखी तुरट. खराब निघाली की अशीच असते? अर्धी बाटली तशीच पडलीय.

टॅनिनवाला: खराब बिराब काही नाही हो, तुम्ही थेट सगळ्यात दांडग्या द्राक्षाला हात घातलात 😄 पॉलिफेनॉलच्या (टॅनिनसारखी द्राक्षातली द्रव्यं) बाबतीत साग्रांतिनो जगातल्या पहिल्या काही जातींमध्ये येतं, त्यातलं टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, लाळेतल्या प्रोटीनला धरून बसतं, म्हणून तोंडाचा ओलावाच जातो. नियमाने ही वाइन 100 टक्के साग्रांतिनोचीच लागते आणि किमान 37 महिने मुरवून मगच विकायची, त्यातले 12 महिने लाकडी पिंपात. म्हणजे 2020 ची बाजारात आली तीच मुळात उशिरा आणि तरी अजून कोवळीच आहे. दहा वर्षांची मिळाली तर पिऊन बघा, आणि नुसती पिऊ नका, सोबत रानडुकराचं मटण नाहीतर जुनं पेकोरिनो चीज हवंच, टॅनिन मग त्यातल्या प्रोटीनला जाऊन धरतं आणि तुमची जीभ सुटते.

सुकी_द्राक्षं: वरच्यांचं बरोबर आहे पण एक राहिलं, हे द्राक्ष मुळात गोड वाइनचं. पासितो म्हणतात, घड निदान दोन महिने सुकवायचे आणि मग गाळायचे, गोडव्यामुळे तुरटपणा झाकला जातो, ईस्टरच्या कोकराबरोबर तिकडे हीच पितात. कोरडी, म्हणजे गोड नसलेली, साग्रांतिनो आली 1970 नंतर, त्याआधी तर लागवडच जवळजवळ संपत आली होती. पुढे तिथल्याच वाइन बनवणाऱ्या मार्को काप्राईने मिलान युनिव्हर्सिटीला सोबत घेऊन या जातीवर काम केलं, 1992 ला डीओसीजी (इटलीतला वाइनचा सगळ्यात वरचा सरकारी दर्जा) मिळालं आणि मग गावाचं नाव झालं. मला विचाराल तर अजूनही पासितोच सरस.

टॅनिनवाला: पासितो छानच, पण कोरडीला कमी लेखू नका. मधल्या काळात काही लोकांनी नव्या छोट्या ओक पिंपांचा मारा करून आधीच तुरट वाइन अजून कडक केली, तिथे बदनामी झाली. हल्ली बरेच जण मोठी पिंपं वापरतात, सालं हळू हाताने भिजवतात, फरक कळतो.

खादाड_मुशाफिर: ओके म्हणजे मी चुकीच्या टोकाकडून सुरुवात केली म्हणायची. मग आधी काय प्यावं?

सुकी_द्राक्षं: मोंतेफाल्को रोस्सो. तिकडचीच, मुख्य द्राक्ष सांजोवेझे आणि साग्रांतिनो थोडंसंच, त्यामुळे अंदाज येतो आणि जेवताना सहज जाते. बेवान्या, ज्यानो देल्लउंब्रिया हाही त्याच पट्टयातला भाग, जमलं तर तिथल्या छोट्या वायनरीत दोन्ही शेजारी शेजारी ठेवून चाखा.

टॅनिनवाला: आणि ती अर्धी बाटली ओतू नका. बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी तासभर आधी बाहेर काढा, गार असताना तुरटपणा अजून बोचतो. एवढं टॅनिन असलेली वाइन रात्रभरात मरत नाही, उलट बरीच मोकळी होते.