बारावीपर्यंत दीडशे शब्द, कॉलेजात पंधराशे. लेकीची तयारी कशी करून घेऊ?

दांडियाबाजारची आई

लेक यंदा बारावीत, सीबीएसई, आर्ट्स. पुढे इथेच बडोद्यात, सयाजीराव विद्यापीठात बी.ए. करायचं म्हणतेय. मार्कांची चिंता नाही. चिंता जावेच्या मुलामुळे लागलीये. गेल्या वर्षी तो कॉलेजात गेला. पहिल्याच असाइनमेंटला १५०० शब्द मागितले आणि हा दोन दिवस पहिल्या ओळीवरच अडकला. शेवटी चॅटजीपीटीला साकडं घातलं. मॅडमनी एवढंच विचारलं, "यातलं तुझं वाक्य कुठलं?" त्याला एकावरही बोट ठेवता आलं नाही.

म्हणून परवा लेकीला बसवलं. म्हटलं, महाराज सयाजीराव गायकवाडांच्या सक्तीच्या शिक्षणावर पानभर लिही, आपल्या गावचीच गोष्ट आहे. वीस मिनिटांत कागद हातात. सुरुवात "शिक्षण हा समाजाचा पाया आहे", मग "दूरदृष्टीचे राजे", मग चार मुद्दे, शेवटी "आपण प्रेरणा घेतली पाहिजे". शुद्धलेखनाची एक चूक नाही, पण वाचून हाती काहीच लागलं नाही. बिनसलंय कुठे, तेच मला सांगता येईना. मी बँकेत व्हाउचर तपासते, निबंध नाही.

रावपुऱ्यात एक जण "कॉलेज रायटिंग"चा क्लास घेतो, नऊ हजार. लावू का?

पहिल्या वर्षाला आहे

काकू, नऊ हजार राहू द्या. मी पण सीबीएसईचाच. बारावीच्या इंग्लिशला नोटीस ५० शब्दांत, पत्र आणि लेख १२० ते १५० शब्दांत. शब्द वाढले की छातीत धडधड. दोन वर्षं आम्ही फक्त आटवायला शिकलो. इथे प्रश्न येतो, "हे मत तुम्हाला कितपत पटतं?" मी आधी शोधत बसलो की याचं उत्तर कुठल्या धड्यात आहे. आणि सगळं इंग्लिशमध्येच लिहायचं, गुजराती मीडियमच्या मित्राचे तर जास्तच हाल.

मास्तरीणबाई

आयुष्यभर पहिल्या वर्षाचे पेपर तपासलेत, म्हणून थोडं लांबण लावते.

तुमच्या लेकीची भाषा चांगली आहे, पण तिच्या कागदात तिला पडलेला एकही प्रश्न नाहीये. सक्तीचं शिक्षण १८९३ साली अमरेलीकडे सुरू झालं, सगळ्या संस्थानात आलं १९०६ साली. मग मधली १३ वर्षं काय चाललं होतं? आणि राजधानी सोडून पार काठियावाडात सुरुवात का? हे दोन प्रश्न तिच्यापुढे टाका आणि स्वतः गप्प बसा. "दूरदृष्टीचे राजे" आपोआप गळून पडेल, कारण त्याने यातलं काहीच सुटत नाही.

मग तिला मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत न्या. १९१० साली महाराजांनी बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून हा कारभार उभा केला, तिथल्या काचेच्या जमिनी बघायला म्हणून तरी जाच. एक पान वाचायचं, पुस्तक मिटायचं, आणि काय वाचलं ते पाच ओळींत लिहायचं. पुस्तक परत उघडून ताडून बघायचं. जिथे पुस्तकातलेच शब्द जसेच्या तसे उतरलेत, तिथे तिला कळलेलं नाही असं खुशाल समजा. माझा हा ठोकताळा फारसा चुकला नाही.

पान लिहून झालं की समासात पेन्सिलीने प्रत्येक वाक्यापुढे खूण: पुस्तक बोलतंय तर "पु", ती स्वतः बोलतेय तर "मी". माझ्या मुलांच्या कागदांवर वरपासून खालपर्यंत पु, पु, पु, आणि तळाशी एक केविलवाणा "मी", तोही "मला असे वाटते की शिक्षण महत्त्वाचे आहे" यापुढे! "पु"च्या वाक्याला कुठलं पुस्तक, कुठलं पान ते लिहायचं. "मी"च्या वाक्याला "कशावरून?" विचारायचं. आणि पहिली ओळ सगळ्यात शेवटी लिहायची. जावेच्या मुलाचे दोन दिवस तिथेच गेले.

इंग्रजीचा बाऊ नको. आपली बडोद्याची वाक्यं मराठीत उठतात, गुजरातीत चहा पितात आणि इंग्रजीत कागदावर येतात. कच्चं मराठीत लिहिलं तरी चालेल.

वारसियाकर

बाई, सगळं खरं, पण बोर्डाचा तपासनीस मुद्दे मोजतो. पोरीने तिथे "कशावरून" सुरू केलं तर मार्क कोण देणार?

मास्तरीणबाई

बोर्डाला बोर्डासारखंच लिहू दे हो. हे आठवड्यातून एक पान, तेही दिवाळीनंतर प्रिलिम्स लागेपर्यंतच.

दांडियाबाजारची आई

तीन शनिवार झाले. क्लास लावला नाही.

पहिल्या पानावर १४ वाक्यं, त्यात ११ "पु". तीन "मी"पैकी दोन "मला वाटते". उरलेलं एक असं: सक्ती करायची तर आधी शाळा आणि मास्तर हवेत, म्हणून आधी थोड्या गावांत करून बघितलं असेल. मी विचारलं, कशावरून? म्हणाली, "अंदाज आहे." मी म्हटलं, तसंच लिही मग, अंदाज म्हणून. चिडली, दार आपटलं.

काल स्वतःहून लायब्ररीत गेली. येताना गोपाळ कृष्ण गोखल्यांना घेऊन आली! १९११ साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल मांडलं, बडोद्याचा दाखलाही दिला, तरी १९१२ साली ते फेटाळलं गेलं. जेवताना मलाच विचारते, "संस्थानाला जमलं ते इंग्रज सरकारला का नको होतं?" वरणभात निवला, मला उत्तर देता आलं नाही.

आता तिसरं पान चाललंय. पहिली ओळ अजून लिहिलेली नाही. मी काही बोलत नाहीये.