मदत हवी आहे: जुन्या चांदीच्या नाण्याचं पट्ट्याचं बक्कल

निळी_कानस

मंडळी, नमस्कार.

मामांना भेट म्हणून पट्ट्याचं बक्कल स्वतःच्या हाताने करून द्यायचं आहे. मधोमध एक नाणं बसवायचंय, ते त्यांनीच मला लहानपणी दिलेलं. जुना अमेरिकन चांदीचा डॉलर, ज्याला मॉर्गन डॉलर म्हणतात तो. एका बाजूला स्वातंत्र्यदेवतेचा चेहरा, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड. मामा आयुष्यभर नाणी जमवत आले. नाणं कडेला धरायचं, चेहऱ्यावर बोट टेकवायचं नाही, हे मला त्यांनीच शिकवलं. म्हणून बक्कल किती देखणं होतं याहीपेक्षा नाण्याला धक्का लागू नये, ही माझी पहिली अट आहे.

तांब्या-चांदीचे लहान दागिने मी घरी करते. गॅसचा टॉर्च, सोनारी करवत, कानशी, व्हाइस, एक लहान ऐरण एवढं सामान आहे. पितळेचा दीड मिलिमीटर जाडीचा पत्राही आहे. बक्कल मात्र कधी केलेलं नाही.

नाणं पत्र्याला थेट झाळावं (सोल्डर वितळवून जोडावं), इपॉक्सीने चिकटवावं, की मागून भोक पाडून स्क्रूने धरावं, या तिन्ही पद्धती वाचल्या आणि तिन्ही मनाला पटल्या नाहीत. आणखी काही मार्ग आहे का? दुसरं म्हणजे, मागची कडी (जिच्यात पट्ट्याचं एक टोक अडकवतात) आणि आकडा (जो दुसऱ्या टोकाच्या भोकात जातो) कसा लावायचा? पट्टा रोज वापरला जाणार आहे, त्यामुळे तो सांधा सुटून चालणार नाही. जाणकारांनी सांगावं.

ठोकाठोकी

निळीताई, तिन्ही सोडा. स्क्रूचं भोक पाडलं की नाणं कायमचं गेलं. इपॉक्सी सुरुवातीला घट्ट वाटतं, पण बक्कल टेबलाच्या कडेवर, खुर्चीवर, गाडीच्या दारावर आपटत राहतं आणि एक दिवस नाणं निसटतं. कुठे पडलं तेही कळत नाही.

थेट झाळण्यातला धोका आकड्यांतच दिसतो. शुद्ध चांदी 962 अंश सेल्सिअसला वितळते. तुमच्या नाण्यात 90 टक्के चांदी आणि 10 टक्के तांबं आहे, आणि हे मिश्रण 780 अंशांच्या सुमारास वितळायला लागतं. चांदीचं कडक सोल्डर वाहायला 700 च्या वर जावं लागतं. म्हणजे हातात फार थोडी जागा उरते. नाणं वितळलं नाही तरी त्यातलं तांबं तापून काळंजांभळं पडतं, आणि तो डाग घासून काढायचा म्हणजे चेहऱ्यावरचे केसच घासून काढायचे. कथलाचं मऊ सोल्डर कमी तापमानाला चालतं, पण ते नाण्याच्या पाठीवर कायमचं बसतं.

तुम्ही दागिने करता म्हणजे खडा कोंदणात बसवला असेलच. नाण्यालाही कोंदणच करा, म्हणजे भोवती धातूची पातळ पट्टी उभी करून तिची कड नाण्यावर दाबायची. आधी पत्रा, कडी, आकडा, कोंदण हे सगळं झाळून, घासून, पॉलिश करून पूर्ण करायचं. नाणं सगळ्यात शेवटी, थंड कामात बसवायचं. टॉर्च आणि नाणं एकाच वेळी टेबलावर असताच कामा नये.

वहीतली_नाणी

ठोकाठोकींना अनुमोदन. मी फक्त नाण्यापुरतं बोलते.

काम सुरू करण्यापूर्वी भिंगाखाली मागची बाजू बघा. गरुडाखालच्या पानांच्या माळेची गाठ आहे, तिच्या खाली टांकसाळीचं बारीक अक्षर असतं. 'सीसी' म्हणजे कार्सन सिटी, 'एस' म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, 'ओ' म्हणजे न्यू ऑर्लिन्स, 'डी' म्हणजे डेन्व्हर. काहीच नसेल तर फिलाडेल्फिया. हे डॉलर 1878 ते 1904 आणि मग 1921 साली पाडले गेले. 1893 सालचं 'एस' असेल तर ते फक्त एक लाख निघालेलं आहे. तसं निघालं तर कृपया बक्कल करू नका, आधी मामांनाच दाखवा.

खरं आहे का तेही तपासा, या नाण्याच्या नकला भरपूर आहेत. वजन 26.73 ग्रॅम, व्यास 38.1 मिलिमीटर. झिजलेलं असेल तर वजन थोडं कमी भरेल. लोहचुंबकाला चिकटता कामा नये. आणखी खात्री हवी असेल तर पाण्याची वाटी वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. काटा 2.6 ग्रॅमच्या आसपास थांबला तर घनता (वजन भागिले हा आकडा) 10.3 च्या जवळ, म्हणजे चांदी जमते.

आणि पॉलिश अजिबात नको. जुन्या चांदीवरची करडी झाक गेली की नाणं जमवणाऱ्याला ते लगेच दिसतं, आणि तुमचे मामा तेच बघतील.

निळी_कानस

किती मनापासून उत्तरं दिलीत! लगेच तपासलं. साल 1921, गाठीखाली अक्षर नाही. वजन 26.5 आलं, पाण्यातला आकडा 2.57. चुंबकाला चिकटत नाही. कडेला एका जागी ठेचल्याची खूण आहे आणि गरुडाची छाती बरीच झिजली आहे.

वहीतली_नाणी

मग निःशंक पुढे जा. 1921 चे फिलाडेल्फियाचे डॉलर 4 कोटी 46 लाखांहून जास्त निघाले. भावनेचं मोल सोडलं तर दुर्मीळ नाही, आणि भेटीला भावनेचंच मोल हवं. ठेचलेली कड कोंदणात झाकली जाईल.

चर्मकला

मी पट्टे शिवतो, म्हणून मागच्या बाजूबद्दल लिहितो.

सगळ्यात आधी मामांच्या नेहमीच्या पट्ट्याची रुंदी मोजा. 35 आणि 38 मिलिमीटर या मापांचे पट्टे जास्त दिसतात. कडीची आतली रुंदी पट्ट्यापेक्षा दीड-दोन मिलिमीटर जास्त हवी, नाहीतर चामड्याची कड घासून सुटते. चामडं साधारण साडेतीन मिलिमीटर जाड धरलं तर आकडा त्यातून जाऊन पलीकडे किंचित दिसला पाहिजे. म्हणजे पत्र्यापासून साधारण सहा मिलिमीटर उंची. जास्त ठेवली तर बसल्यावर पोटाला टोचतो.

आकडा सरळ उभा करू नका. त्याचं टोक कडीच्या दिशेने थोडं कललेलं हवं. पट्ट्याचा ओढा कडीपासून लांब जाणारा असतो, त्यामुळे कललेल्या आकड्यावर भोक ताण आला की मुळाशी सरकतं. उलटं कललं तर श्वास घेताना पट्टा सुटतो.

पट्ट्याचं मोकळं टोक बक्कलच्या मागूनच जातं, त्यामुळे तिथे कुठलीही धार ठेवू नका. पाठीला जर्मन सिल्व्हर वापरू नका. त्यात निकेल असतं आणि पुष्कळांच्या पोटाला त्याने खाज येते. पितळ ठीक आहे.

आता एक महत्त्वाचा प्रश्न. मामा उजवे की डावखुरे?

निळी_कानस

डावखुरे! पण त्याने काय फरक पडतो?

चर्मकला

सगळाच फरक पडतो. उजव्या हाताचा माणूस बहुधा पट्टा पँटच्या डावीकडच्या लुपातून घालायला सुरुवात करतो, त्यामुळे बक्कलची कडी त्याच्या डाव्या अंगाला येते. डावखुरे लोक पुष्कळदा उलट दिशेने घालतात. ज्यात आकडा आणि कडी ठरलेल्या जागी असतात असं बक्कल त्यांनी लावलं की चित्र उलटं होतं. स्वातंत्र्यदेवता डोक्यावर उभी राहील, आणि नाणं कोंदणात पक्कं झाल्यावर ते फिरवताही येणार नाही.

त्यांचा एखादा फोटो काढून बघा. पट्ट्याचं मोकळं टोक त्यांच्या कुठल्या हाताकडे जातं? त्यांच्या उजव्या हाताकडे जात असेल, तर समोरून बघताना कडी तुमच्या डावीकडे हवी. पाठीकडून काम करताना हे पुन्हा उलटतं, म्हणून पत्र्याच्या दोन्ही बाजूंना मार्करने 'वर' आणि 'कडी' असं लिहूनच करवत हातात घ्या.

निळी_कानस

फोटो बघितला. टोक उजव्या हाताकडेच जातंय! आणि त्यांच्या नेहमीच्या बक्कलवर काहीच चित्र नाही, म्हणून हे कधी लक्षातच आलं नव्हतं. चर्मकलादादा, तुम्ही विचारलं नसतं तर भेट उलटी झाली असती. मनापासून आभार.

ठोकाठोकी, आता कोंदणाची मापं सांगाल का?

ठोकाठोकी

सांगतो. कोंदणाला शुद्ध चांदीची पट्टी घ्या, 0.4 मिलिमीटर जाडीची. पितळेची पट्टी दाबल्यावर उसळी मारते. लांबीचा हिशोब असा: नाण्याचा व्यास अधिक पट्टीची जाडी, गुणिले 3.14. तुमच्यासाठी 38.5 गुणिले 3.14, म्हणजे 121 मिलिमीटर. व्यास पुस्तकातला धरू नका, तुमचं नाणं झिजलेलं आहे. कॅलिपरने चार ठिकाणी मोजा आणि सगळ्यात मोठं माप घ्या. ठेचलेली जागा बहुधा किंचित बाहेर आलेली असेल. पट्टीची उंची नाण्याच्या जाडीपेक्षा पाऊण मिलिमीटर जास्त पुरे. त्याहून जास्त ठेवली तर कडेवरची अक्षरं झाकली जातात.

कोंदण झाळण्याआधी पत्र्यात नाण्यापेक्षा लहान, साधारण 30 मिलिमीटरची गोल खिडकी कापा. गरुड मागून दिसेल हे तर आहेच, पण खरा फायदा वेगळा. पुढे कधी नाणं बाहेर काढायचं ठरलं तर कोंदणाची कड उचलून मागून बोटाने ढकलता येतं. खिडकी नसेल तर कोंदण कापावं लागतं.

पत्र्याला पोटाच्या आकाराचा बाक द्यायचा मोह होईल. नाणं सपाट आहे, त्यामुळे त्याच्याखालचा भाग सपाटच ठेवा आणि फक्त दोन टोकं किंचित मागे वळवा. हे वळण कोंदण झाळायच्या आधी द्या.

कडीला तीन मिलिमीटरची पितळी सळई वाकवून झाळली तरी टिकते. आकडा मात्र नुसता झाळू नका, त्याच्यावर तरफेसारखा जोर येतो. चार मिलिमीटरची सळई घ्या, तिचं एक टोक कानशीने अडीच मिलिमीटरपर्यंत बारीक करा आणि ते पत्र्यातल्या भोकातून समोर काढा. भोकाला समोरून थोडी खळगी करा आणि टोक हातोडीने ठोकून त्यात पसरवा. मग पाठीमागून झाळा आणि समोरून कानशीने सपाट करा. पितळात पितळ असल्यामुळे सांधा जवळजवळ दिसत नाही.

झाळताना टाकणखार सढळ हाताने लावा. कॅडमियम असलेलं सोल्डर घरात आणू नका, त्याची वाफ विषारी असते. नंतर सायट्रिक आम्लाच्या कोमट पाण्यात साफ कराल तेव्हा लोखंडी चिमटा बुडवू नका. बुडवलात तर चांदीवर तांब्याचा गुलाबी थर चढतो.

वहीतली_नाणी

एक भर. नाणं खडखडत असेल तर खाली रबर किंवा पीव्हीसीचा तुकडा ठेवू नका. रबरातलं गंधक चांदी काळी करतं, आणि पीव्हीसी कालांतराने चिकट हिरवा थर सोडतं. पॉलिएस्टरची पातळ पारदर्शक फिल्म कापून बसवा. पितळ आणि चांदी घामात एकमेकांना टेकलेली राहू नयेत म्हणूनही ती उपयोगी पडते.

आणि खिडकीवरून सुचलं ते सांगते. अमेरिकन नाण्याच्या दोन बाजू एकमेकींच्या उलट छापलेल्या असतात. चेहरा सरळ धरून नाणं वरून खाली पलटलं तर गरुड सरळ दिसतो, पुस्तकाच्या पानासारखं पलटलं तर उलटा. मामा हातात घेतल्याबरोबर ते वरून खालीच पलटतील, नाणेवाल्यांची सवयच ती. तेव्हा गरुड बरोबर सरळ येईल.

निळी_कानस

हे वाचून इतकं बरं वाटलं! खिडकी नक्की कापते. एकच शंका उरली आहे: कोंदणाची कड नाण्यावर दाबताना हत्यार घसरलं तर चेहऱ्यावर ओरखडा जाईल. त्यासाठी काय करता?

ठोकाठोकी

नाण्यापेक्षा दोन मिलिमीटर कमी व्यासाची जाड पुठ्ठ्याची चकती कापून चेहऱ्यावर ठेवा आणि डाव्या अंगठ्याने धरा. चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक अक्षरांच्या खाचांत बसतो. दाबायची सळई आधी आरशासारखी गुळगुळीत करून घ्या. पहिल्यांदा समोरासमोरचे चार बिंदू दाबा, वर-खाली, मग डावं-उजवं. नंतर त्यांच्या मधले चार. एका बाजूने दाबत गोल फिरलात तर शेवटी पट्टीला सुरकुती पडते. आठ बिंदू बसल्यावर चेहरा सरळ आहे का, कडी बरोबर बाजूला आहे का, हे पट्टा लावून बघा. तोवर नाणं थोडं फिरवता येतं. त्यानंतर उरलेली कड बसवा.

अंतिम कामाआधी तांब्याच्या पत्र्याची त्याच मापाची एक चकती कापून त्यावर अख्खं कोंदण एकदा करून बघा.

निळी_कानस

तांब्याची चकती कापायला घेतली. पट्टा 38 मिलिमीटरचा निघाला, म्हणून कडी आतून 40 धरते आहे. कोंदण झाळून झालं की फोटो टाकते, नाणं बसवायच्या आधी. काही वाकडं दिसलं तर तेव्हाच सांगा.