मदत हवी आहे: टेस्टिंग आपल्याला किती येतं हे खेळता खेळता कसं तपासायचं?

नमस्कार मंडळी, मी सांगलीची, विश्रामबागेत राहते, चार वर्षं सॉफ्टवेअरचं मॅन्युअल टेस्टिंग करतेय (म्हणजे ॲप स्वतः वापरून त्यातल्या चुका शोधायच्या), सध्या घरूनच. टेस्टिंगवाल्यांची आयएसटीक्यूबीची फाउंडेशन परीक्षा झालीये (४० प्रश्न, ६० मिनिटं, पास व्हायला २६ बरोबर लागतात) आणि मला वाटत होतं आता हात बसलाय. पण मार्चमध्ये एक प्रकार घडला आणि तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातनं जात नाहीये.

एका हळदीच्या अडत दुकानाचं हिशोबाचं ॲप होतं. पोत्यांचं वजन, क्विंटलचा दर, तोलाई, हमाली, शेवटची पट्टी, सगळं मी तपासलेलं, दीडशेच्या वर टेस्ट केस (हे टाकलं की हे दिसायला हवं, अशा एकेक तपासण्या), सगळ्या पास. ॲप चालू झालं आणि दुसऱ्याच दिवशी दुकानातल्या दिवाणजींचा फोन, "ताई, एकाच शेतकऱ्याची दोन खाती दिसायला लागलीत." बघितलं तर गाव कऱ्हाड. त्यातला तो ऱ दोन तऱ्हेनं टाइप होतो, एका कीबोर्डवर ऱ हे वेगळं अक्षर घेऊन, दुसऱ्यावर साधा र, त्याचा पाय मोडून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे पण कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळे शब्द, म्हणून दोन खाती. मराठीतच वाढले, कऱ्हाडच्या एसटीची पाटी कितीदा वाचली असेल, तरी मला हे सुचलं नाही. मग माझ्या केस परत वाचल्या तर त्यातल्या शंभर तरी एकच प्रश्न वेगवेगळ्या आकड्यांनी विचारत होत्या. ह्याचं जास्त वाईट वाटलं.

म्हणून आम्ही तिघींनी, मी, कुपवाडची माझी मैत्रीण आणि नुकतीच कॉलेजातनं बाहेर पडलेली एक मुलगी, शनिवारी दुपारी खेळायला सुरुवात केलीय. एकीनं छोटंसं पान बनवायचं, त्यात मुद्दाम चुका पेरायच्या, बाकीच्या दोघींनी शोधायच्या.

सगळ्यात रंगला तो पुराचा खेळ. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे इथं पोराटोरांना पाठ आहे. पातळी टाकली की पानानं हिरवा, पिवळा नाहीतर लाल रंग दाखवायचा आणि पाणी चढतंय की उतरतंय ते सांगायचं, एवढंच. ३९, ४०, ४१, ४४, ४५, ४६ हे आम्ही लगेच टाकलं. पण सांगलीत पाणी सांगतात फूट-इंचात आणि पानात रकाना एकच. मग माणूस ४४ फूट ९ इंच हे ४४.९ लिहिणार, पुढच्या तासाला ४४ फूट ११ इंच झालं की ४४.११ लिहिणार, आणि पान म्हणणार पाणी उतरलं! कारण दशांशात ४४.११ हे ४४.९ पेक्षा लहान. पाणी चढत असताना उतरतंय असं सांगणारं पान, अंगावर काटा आला माझ्या. मग देवनागरी आकडे टाकले तर काय, इंच १२ टाकले तर काय, रिकामं सोडलं तर काय असं सुरू झालं. त्या मुलीनं विचारलं, ५० च्या पुढचा आकडाच घेत नाहीये हे, २०१९ ला तर पाणी ५७ फुटांवर गेलेलं, मग? तिच्या घरात तेव्हा पाणी आलेलं.

आता अडचण. आम्ही प्रत्येक बगला, म्हणजे सापडलेल्या चुकेला, एक गुण देतो. त्यामुळे बटणाचा रंग, शुद्धलेखन, रकान्यांची रांग असलं भराभर लिहिणारी पुढे जाते आणि ५७ फुटांचा प्रश्न विचारणारीलाही एकच गुण. तीन शनिवार मी पहिली आलेय पण मला ते खरं वाटत नाही. शिवाय चुका पेरणाऱ्या आम्हीच, म्हणजे आम्हाला मुळात सुचतच नाही ते खेळात येणारच नाही. आणि किती बग अजून राहिलेत हे कसं कळणार? कुणी असं काही केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. हजारोंचे कोर्स नकोत, घरी बसून तिघींना करता येईल असं हवंय.

प्रतिसाद, मिरजेहून:
बगला वजन द्या. ज्यानं पैसा किंवा जीव धोक्यात येतो त्याला १०, काम अडतं त्याला ५, दिसायला वाईट त्याला १. आणि बग नुसता सापडून चालणार नाही, समोरच्यानं तुमचं लिहिलेलं वाचून पहिल्या फटक्यात तो परत करून दाखवला तरच गुण.

प्रतिसाद, साताऱ्याहून:
ताई, तुमचा कऱ्हाडचा किस्सा वाचला आणि लगेच आमच्या ॲपमध्ये "साताऱ्याचा" दोन्ही तऱ्हेनं शोधून बघितलं, आमच्याकडेही तीच चूक निघाली, त्याबद्दल आधी धन्यवाद.

स्वतःला मोजायचं तर जुना त्रिकोणाचा खेळ करा. ग्लेनफर्ड मायर्स यांच्या १९७९ च्या 'द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग' ह्या पुस्तकात अगदी सुरुवातीला आहे. प्रोग्रॅम तीन पूर्णांक घेतो, त्या त्रिकोणाच्या बाजू समजतो आणि समभुज, समद्विभुज की विषमभुज ते सांगतो. कॉम्प्युटर न उघडता कागदावर केस लिहायच्या आणि मग पुस्तकातले १४ प्रश्न स्वतःला विचारायचे, प्रत्येकाला एक गुण. ३, ३, ४ लिहिलंत तर ३, ४, ३ आणि ४, ३, ३ पण लिहिलंत का? १, २, ३ लिहिलंत का, जिथं दोन बाजूंची बेरीज तिसरीएवढीच होते? एक बाजू शून्य? तीनऐवजी दोनच आकडे? प्रत्येक केसपुढे अपेक्षित उत्तर लिहिलंत का? मुरलेल्या प्रोग्रॅमरनाही सरासरी ७.८ च पडतात असं मायर्स लिहितात, तेव्हा कमी पडले तर खचू नका. ह्यात रंग आणि शुद्धलेखनाला जागाच नाही, फक्त विचार मोजला जातो.

राहिलेल्या बगांचं उत्तर तळ्यातले मासे मोजतात तसं. दोघींनी एकमेकींना न सांगता शोधायचं. एकीचे गुणिले दुसरीचे, भागिले दोघींना सापडलेले सारखे. एकीला १२, दुसरीला १०, सारखे ६, तर एकूण बग अंदाजे २०. वेगवेगळे १६ हाती आले म्हणजे ४ बाकी.

आणि एक करा. पीटर वेसन ह्या मानसशास्त्रज्ञानं १९६० मध्ये मांडलेला २, ४, ६ चा खेळ. तुमच्या मनात एक नियम, २, ४, ६ त्यात बसतात. समोरच्यानं आपले तीन-तीन आकडे विचारून नियम ओळखायचा. नियम एवढाच की आकडे चढते हवेत. बहुतेक जण ८, १०, १२ असं आपल्याला पटलेलंच विचारत राहतात. "नाही" हे उत्तर मिळवायला कोण विचारतंय ते बघा.

मूळ धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार! दोन शनिवार हेच केलं. त्रिकोणात मला ६, मैत्रिणीला ७, त्या मुलीला ९. मी एकाही केसपुढे उत्तर लिहिलं नव्हतं. २, ४, ६ मध्ये मी चार वेळा "हो" घेऊन "दोन-दोननं वाढतात" असं छातीठोक सांगितलं, त्या मुलीनं दुसऱ्याच प्रश्नाला ६, ४, २ विचारलं.

माशांच्या हिशोबात मात्र अडकलो. मला ९, मैत्रिणीला ८, सारखे ६, म्हणजे एकूण १२ यायला हवेत आणि फक्त १ राहायला हवा. मुलीनं कागद उघडला तर तिनं १६ पेरलेले. मला वाटतं आम्ही दोघी एकाच ठिकाणी शिकलो, एकसारख्याच जागी हात घालतो, त्यामुळे सारखे जास्त निघतात आणि बाकी कमी वाटतात. बरोबर आहे का हे?

असेल तर आमच्यासारखा विचार न करणारं माणूस हवं, म्हणून येत्या शनिवारी दिवाणजींना विचारलं, यार्डातले सौदे आटपले की येतो म्हणाले. त्यांच्यापुढे पहिल्यांदा काय ठेवू, पुराचं पान की हिशोबाचं? आणि ते शोधत असताना आम्ही गप्प बसून नुसतं लिहून घ्यावं की मधे विचारलेलं चालेल?