शब्दचर्चा: 'डोमेन'ला जहागीर म्हणावं, वतन की मुलूख?

पांझराकाठ
टेबलाभोवती बसून पात्रं वठवत खेळायच्या खेळातल्या (टेबलटॉप कॅम्पेन) राज्यकारभाराच्या नियमांचा मराठी तक्ता करतोय. लढवय्या नवव्या पातळीला पोचला की गढी बांधतो, आजूबाजूचा प्रदेश साफ करतो, वस्ती बसवतो, कर घेतो. त्या प्रदेशाला नियमांत 'डोमेन' म्हणतात. मी 'जहागीर' लिहिलं होतं. तक्ता तपासणाऱ्याने ते खोडून 'वतन' केलं आणि 'जहागीर साफ चूक' असा शेरा मारला. खरंच चूक आहे का? दुसरी अडचण 'अनरेस्ट'ची, म्हणजे रयतेची नाराजी मोजणाऱ्या आकड्याची. 'असंतोष' लिहिलंय, पण तो शब्द वर्तमानपत्री वाटतो.

गिरणा
शेरा बरोबर आहे. फारसीत 'जा' म्हणजे जागा आणि 'गीर' म्हणजे धरणारा. जहागीर वरून मिळते, चाकरीच्या बदल्यात मिळते आणि वरचा ती काढूनही घेतो. मोगलाईत जहागीरदाराची दर काही वर्षांनी बदली व्हायची, म्हणून विहीर-बंधाऱ्यात पैसा घालायला तो कचरायचा. तक्त्यावर 'जहागीर' छापलंत तर खेळाडू हेच गृहीत धरतील की डीएम (खेळ चालवणारा) कधीही काढून घेणार. मग सगळा खजिना फौजेवर जातो आणि जमिनीवर कवडी खर्च होत नाही. वतन वंशपरंपरेचं, त्याची वाटणी व्हायची, विक्रीही व्हायची. निम्मी पाटीलकी विकल्याचे जुने कागद आहेत.

बोरीकाठ
गिरणाभाऊ, मोगलाईत बदली होत असेल, पण पेशवाईत सरंजाम (फौज ठेवण्यासाठी दिलेला मुलूख) सुद्धा बापाकडून लेकाकडे जायला लागले होते. आणि आज बोलताना आपण काय म्हणतो? 'ही काय तुझ्या बापाची जहागीर आहे का?' यात जहागीर म्हणजे बिनहक्काने कुणी हात लावू नये अशी स्वतःची मालमत्ता. फारसीतला अर्थ फारसीत राहिला, शब्द आपल्या तोंडात बदलला. खेळाडू आजचे आहेत, त्यांना आजचा अर्थ कळतो. जहागीरच ठेवा.

गिरणा
आबा, बोलण्यातल्या टोमण्यावरून नियमाची संज्ञा ठरत नसते. हक्क कुणाचा, कुठवर, कुणी दिलेला, एवढं त्या एका शब्दातून कळायला हवं.

तोरणमाळ
तसं असेल तर वतनही बसत नाही. वतन म्हणजे पदाचा हक्क: पाटलाचा, देशमुखाचा, जोशाचा. त्याच्यासोबत इनाम जमीन आणि मानपान येतो, राज्य येत नाही. खेळात पात्राने राक्षस मारून रान मोकळं केलेलं असतं, सनद कुणी दिलेली नसते. त्याला सातपुड्यात शब्द आहे, 'मेवासी'. पश्चिम खान्देशातली काठी, चिखली, गव्हाळी ही मेवासी ठाणी. डोंगरातला नाईक आपल्या मुलखाचा धनी. वरच्याशी त्याचं नातं नजराण्यापुरतं, तेही पटलं तर.

आकड्यांत बघा म्हणजे फरक कळेल. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या 1974 च्या मूळ नियमांत गढीभोवती वीस मैलांपर्यंतचा टापू धनी सांभाळतो. त्यात 2 ते 8 गावं, प्रत्येकी 100 ते 400 माणसं, दर माणशी वर्षाला 10 मोहरा. कमीत कमी 2,000, जास्तीत जास्त 32,000, आणि सरासरी धरली (पाच गावं, गावाला 250) तर 12,500. हे सगळं धन्याचं, वर कुणाला द्यायचं लिहिलेलं नाही. म्हणजे ना जहागीर, ना वतन.

केळीबाग
मेवासी शब्द छान, पण जळगाव-रावेरकडच्या पोरांना तो कळणार नाही. 'मुलूख' सोपा आहे.

एका तक्त्यात एकच शब्द हवा हा हट्ट कशाला? हक्क बदलला की शब्द बदला. राजाने दिली तर जहागीर. गावाने पाटील मानला तर वतन. रान तोडून बसवला तर मुलूख. आणि शेजारच्या राज्यातून नुसती वसुली आणता पण राज्य करत नाही, ती चौथ. 1719 च्या सनदांत दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथ आणि सरदेशमुखी होती, खान्देश त्यातलाच एक. चौथ पंचवीस टक्के, सरदेशमुखी दहा. खेळात हे वेगळं धरलंच पाहिजे, कारण चौथाईच्या गावात बंड झालं तर ते तुमच्या खात्यात येत नाही, फक्त उत्पन्न बुडतं. दोन्ही एका रकान्यात टाकली की तिसऱ्या-चौथ्या फेरीत हिशेब जुळत नाही आणि खेळाडू डीएमशी भांडतात.

पांझराकाठ
हे पटलं. पण मग मथळ्याला काय लिहू? आणि 'अनरेस्ट'?

बोरीकाठ
'असंतोष' नको. रयत मोर्चे काढत नव्हती, उठून जायची. त्याला 'परागंदा होणे' म्हणतात. पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळाच्या 2010 च्या नियमांत अनरेस्ट 11 झाला की नकाशावरचा एक षट्कोन (प्रदेशाचा एक घर) हातचा जातो आणि 20 ला अराजक. तो षट्कोन गेला म्हणजे काय झालं? गाव ओस पडला. रकान्याचं नाव 'परागंदा' ठेवा, उपायाचं नाव 'कौल'. कौल म्हणजे परत या, त्रास होणार नाही, असं लिहून दिलेलं अभयपत्र.

गिरणा
नुसत्या कौलावर माणसं येत नाहीत. सोबत इस्तावा द्यावा लागतो, म्हणजे चढत्या दराचा सारा. टेबलावर असा लावा: पहिलं वर्ष माफ, दुसऱ्या वर्षी पाव, तिसऱ्या वर्षी निम्मा, चौथ्या वर्षी पूर्ण. नवा षट्कोन साफ केल्या महिन्यापासून पूर्ण कर धरला की खेळाडू नुसते पसरत जातात, कारण प्रत्येक षट्कोन लगेच फायद्यात येतो. इस्ताव्याने तो लोभ आपोआप आवरतो. आणि दर महिन्याला फेरी नको. खरीप, रब्बी, उन्हाळी अशा तीन ठेवा, पण फौजेचा पगार महिन्याला. मग आषाढ-श्रावणात खजिना आटतो आणि सावकार दारात येतो. खेळायला खरी मजा तिथे आहे.

केळीबाग
खेळाडू गैरहजर असला की त्याच्या मुलखाचा कारभार कोण बघतो? तिथे 'मुतालिक' वापरा. वतनदाराच्या वतीने काम पाहणारा तो मुतालिक. त्याला खर्चाची मर्यादा घालून द्या, तहनामा करायचा अधिकार देऊ नका.

तोरणमाळ
षट्कोन शब्दही जड जातो. सहा मैलांचा षट्कोन म्हणजे साधारण 31 चौरस मैल, 81 चौरस किलोमीटर. कोस दोन मैलांचा धरला तर बरोबर तीन कोस रुंद. 'तिनकोशी' म्हणा.

बोरीकाठ
'फड' म्हणा! बंधाऱ्याखालच्या जमिनीचे भाग पाडतात, प्रत्येक फडात त्या वर्षी एकच पीक, पुढल्या वर्षी फेरपालट. धुळे जिल्ह्यातला घरचा शब्द आहे.

पांझराकाठ
आबा, फड पांझरेवरचाच, पण तो पाटाच्या पाण्यावर भिजणारा एक तुकडा. पाटकरी पाणी सोडतो, जागल्या राखण करतो, एवढ्यावर चालणारा. 81 चौरस किलोमीटरला फड म्हटलं तर शेतकरी हसेल. मात्र सुधारणांच्या यादीत 'बंधारा व फड' ही एक ओळ घालतो. खर्च एकदाच, उत्पन्न दर फेरीला, आणि पाटकऱ्याचा पगार थकला की ते निम्म्यावर. हे आवडलं.

गिरणा
जमीन मोजताना 'काळी' आणि 'पांढरी' वेगळी लिहा. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे गावठाणाची. कर काळीवर, माणसं पांढरीत. हल्ला झाला की पांढरी जळते आणि काळी पडीक राहते, म्हणून नुकसान दोन ठिकाणी मांडावं लागतं.

तोरणमाळ
आणि गढीला 'किल्ला' लिहू नका. आपल्याकडच्या गढ्या पांढऱ्या मातीच्या. दोन-चार पावसाळे डागडुजी चुकली की भिंत खचते. थाळनेर तापीकाठचं, खान्देशच्या फारुकी सुलतानांची सुरुवातीची राजधानी, तो किल्ला. असीरगड हा किल्ला, 1601 मध्ये अकबराच्या हाती गेला. गढी म्हणजे पाटलाचं बळ, त्याहून मोठं नाही.

बोरीकाठ
1601 नंतर खान्देश सुभ्याला अकबराच्या मुलावरून, दानियाल शहजाद्यावरून, दानदेश म्हणत. म्हणजे राज्यकर्त्यावरून मुलखाला नाव पडायचं, तेव्हा 'खान'वरून खान्देश हे कुणी नाकारू नये.

केळीबाग
कान्हदेश म्हणणारेही आहेत, आबा. तो वाद इथे काढू नका. पांझराभाऊ, मथळ्याचं ठरलं का?

बोरीकाठ
वाद कसला? गुजरातच्या सुलतानाने फारुकींना खान हा किताब दिला, तिथून नाव आलं. कान्हाला मध्ये आणायची गरज काय?