थायरॉईडच्या ऑपरेशननंतर एक स्वरतंतू हलत नाहीये, आवाज परत येतो का?

चौथीच्या_बाई
नमस्कार, 3 महिन्यांपूर्वी थायरॉईडची गाठ काढली, रिपोर्ट चांगला आला पण शुद्धीवर आले तेव्हापासून आवाज म्हणजे नुसती हवा. नाकातून दुर्बीण घालून बघितलं तर डावा स्वरतंतू हलतच नाही. डॉक्टर म्हणतात नस दुखावलीये, 6 महिने ते वर्षभर वाट बघू. पण तोवर करायचं काय? एका वाक्याला दोनदा दम घ्यावा लागतो, पाण्याचा ठसका लागतो, भाजीवाला दोनदा "काय म्हणालात?" विचारतो मग लेकच बोलतो माझ्याऐवजी. वर्गात 28 मुलं आहेत, हजेरीच पुरी होत नाही. कोणी यातून गेलंय का?

मीराताई
गेलेय. वाट बघायची म्हणजे तसंच बसायचं असं नाही हो! मला चौथ्या महिन्यात त्या तंतूत हायल्युरॉनिक ॲसिडचं इंजेक्शन दिलं, तंतू फुगून मधे सरकतो आणि चांगला तंतू त्याला येऊन टेकतो. काही महिन्यांत ते विरघळतं, तोवर नस सुधारली तर उत्तमच. माझी नाही सुधारली, मग वर्षानंतर थायरोप्लास्टी केली, म्हणजे तो तंतू कायमचा मधे सरकवायचं ऑपरेशन. जागं ठेवूनच करतात, फक्त मानेला भूल. कूर्चेला छोटी खिडकी पाडून सिलिकॉनचा तुकडा बसवत होते आणि डॉक्टर म्हणाले एक ते दहा मोजा. तीनपर्यंत फुसफुस, त्यांनी तुकडा जरासा सरकवला आणि "चार" माझ्या आवाजात आला. टेबलावरच रडले मी.

वाचा_उपचार
मी स्पीच थेरपिस्ट आहे. बाई, कुजबुजत बोलू नका आणि जोर लावून आवाज काढू नका, त्याने गळ्याचे बाकीचे स्नायू आखडतात आणि ती सवय मग लवकर सुटत नाही. वर्गासाठी कमरेला लावायचा छोटा माईक घ्या. पाणी, ताक, चहा छोट्या घोटाने, हनुवटी छातीकडे झुकवून प्या, बऱ्याच जणांना फरक पडतो, पण गिळण्याची तपासणी करून घ्याच. ठसक्यांसोबत ताप किंवा कफ वाढला तर लगेच दाखवा, अन्नपाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो.

सातारकर७१
थोडं वेगळं पण सांगतो. वडिलांचं कसलंच ऑपरेशन नव्हतं तरी आवाज बसला, आम्ही दोन महिने हळद-दूध आणि गुळण्या करत बसलो. स्वरतंतूची डावी नस छातीत उतरून महाधमनीला वळसा घालून परत गळ्यात येते म्हणे, म्हणून मानेपासून छातीपर्यंत सीटी स्कॅन केला तर फुप्फुसात गाठ निघाली. तेव्हा ऑपरेशन नसताना आवाज तीन-चार आठवडे बसलेला असेल तर कृपा करून दुर्बिणीने बघून घ्या.

चौथीच्या_बाई
सगळ्यांचे आभार, वडिलांचं वाचून वाईट वाटलं दादा. मीराताई, इंजेक्शनचं मला कोणी सांगितलंच नव्हतं, बुधवारी अपॉइंटमेंट आहे तेव्हा विचारते. आत्ता हनुवटी झुकवून चहा घेतला, अर्ध्या कपापर्यंत ठसका नाही लागला.