लॅक्टेज ‘बंद पडत’ नाही
सहा महिने फक्त सोया दूध घेतल्याने लॅक्टेज (लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचवणारं विकर) बंद पडलं, म्हणून आता साधं दूध पचत नाही, असं काहींना वाटतं. तसं होत नाही. ते किती बनणार हे बहुतांशी जनुकांवर ठरतं. बदलतात ते मोठ्या आतड्यातले जिवाणू. त्यांची लॅक्टोजची सवय मोडलेली असताना एकदम पेलाभर दूध घेतलं (२०० मिलीत साधारण १० ग्रॅम लॅक्टोज) की पोट फुगणं, गुडगुड, जुलाब.

दूध पुन्हा सुरू करताना उपाशीपोटी नको. जेवणासोबत ५० मिलीपासून सुरू करा, ३-४ दिवसांनी तेवढंच वाढवा. त्याआधी नीट विरजलेलं दही, पाणी निथळलेलं पनीर. खवा-पेढे शेवटी, दूध आटतं, लॅक्टोज नाही, ते दाटतं! अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले तर मात्र ती ॲलर्जी. प्रयोग थांबवून डॉक्टर गाठा.