गोधडी आणि गच्चीवरची बाग: झाडं बघून कापड कसं लावता?

गच्चीवरची_माती (कराड)

मंडळी, प्रश्न लांबट आहे, चहा घेऊन बसा.

मी ५९ वर्षांची, बँकेतून निवृत्त. सकाळी गच्चीवरच्या ३२ कुंड्या आणि दुपारी गोधड्या, एवढाच उद्योग. गोधडी आईनं शिकवली असं म्हणवत नाही. ती जमिनीवर थर अंथरायची, तीन कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि पाण्याची कळशी ठेवायची, आणि चौथा कोपरा धरून मला बसवायची. कच्चे टाके घालून होईपर्यंत उठायचं नाही. शिकले ती तेवढीच.

गेल्या वर्षी आई गेली. तिच्या ट्रंकेत सात नऊवारी निघाल्या. पाच सुती, नेसून नेसून मलमलीसारख्या झालेल्या. दोन इरकली, एक हिरवी आणि एक वांगी रंगाची, दोन्हींचे टोपतेनी (शिखरांसारख्या नक्षीचे) पदर अजून लालभडक. घरातले सगळे म्हणतात, गोधडी कर. पण कात्री हातात घेतली की पोटात गोळा येतो. आठ मीटरच्या वर कापड, आणि चुकलं तर परत आणणार कुठून?

म्हणून आधी जुन्या चादरीवर हात बसवायचं ठरवलं. बागेवरून काही सुचेल असं वाटलं, तर सुचलं काय, सूर्यफूल! माझ्या गच्चीवर सूर्यफूल नाहीच, फोनवरचं चित्र बघून पिवळ्या पाकळ्या कापल्या आणि लावल्या. नातू म्हणाला, "आजी, हा टेबलफॅन आहे का?"

तर जे दोन्ही करतात त्यांनी सांगा, बागेतून गोधडीसाठी नेमकं उचलता काय? "निसर्गाकडून प्रेरणा घ्या" एवढंच सांगू नका. ते मला रोज सकाळी सुप्रभातच्या चित्रावर येतं.

टाकेवाली_ठाणे

टेबलफॅन! काकू, माझ्या पहिल्या कमळाला सासूबाई कोबी म्हणाल्या होत्या.

मी फुलाचा आकार उचलणं सोडून दिलंय. आता उचलते ते प्रमाण. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यात दोन इंची चौकोनी खिडकी कापा. कुंडीपासून हातभर लांब धरून त्यातून बघा. दिसेल त्याचे मनातल्या मनात वीस चौकोन पाडा आणि मोजा, हिरवे किती, मातीचे किती, फुलाचे किती. वहीत लिहा. झाड ओळखायचं नाही, नुसते रंग मोजायचे.

आणि तुमच्यासारखी एक बाई होऊन गेली. गर्ट्रूड जेकिल, इंग्लंडची, १८४३चा जन्म. आधी चित्रं आणि भरतकाम करायची. नजर फार अधू होत गेली, डॉक्टरांनी बारीक काम बंद करायला सांगितलं, तेव्हा सगळा जीव तिनं बागेत घातला. मनस्टेड वुड इथल्या तिच्या घराजवळ २०० फूट लांब आणि १४ फूट रुंद फुलांचा पट्टा होता. दोन्ही टोकांना करडी पानं, निळी-पांढरी फुलं, मग पिवळा, मग नारिंगी, आणि मधोमध लाल. झाडं चौकोनी वाफ्यात न लावता लांबट तिरक्या झुपक्यांत, एकाची शेपूट दुसऱ्याच्या पोटात शिरेल अशी. मी हा क्रम एका दुपट्यात उतरवला, फक्त करड्याच्या जागी बाबांची जुनी धोतरं वापरली. उन्हात वाळत घातलं की शेजारणी थांबून बघतात.

अजून एक. कराडहून कास लांब नाही. फुलं असताना नुसते फोटो काढून परत येऊ नका. तिथं तेरड्याचा गुलाबी कुठं संपतो आणि गेंदाचा पांढरा कुठं सुरू होतो, ती कड बघा. सरळ रेघ एकही सापडणार नाही.

बांधावरचा (सांगोला)

ताई, आमच्यात वाकळ म्हणतात. आई अजून शिवती. तिनं लुगडं कधी कापल्यालं मी बघितलं न्हाई. अख्खं लुगडं दुमडून वर, एक खाली, आत जुनी धडुती. ठिगळ कधी? फाटंल तवा. वीस वर्षांत वाकळ ठिगळांनी भरती, मग शहरातली माणसं येऊन म्हणत्यात काय डिझाईन हाय!

आता तुमच्या बागेचं. आम्ही बाजरीच्या दोन ओळी आन तुरीची एक पेरतो. बाजरी काढली की मधी मोकळे पट्टे आन तूर एकटी उभी. आईची जुनी वाकळ काढून बघितली तर टाकं तसंच, दोन दाट आन एक लांब. तिला इचारलं, शेतावरनं घेतलं का गं? म्हणली, "गप जेव."

हळद_हिरडा (नाशिक)

बागेतून काय उचलता याचं माझं उत्तर सरळ आहे: रंग, पातेल्यात.

दसरा येतोय. हारातला झेंडू कचऱ्यात टाकू नका. पाकळ्या सोडवून वाळवा. सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवायचं, मग तुरटीच्या पाण्यात, मग झेंडूच्या काढ्यात मंद आचेवर तासभर. सुताला हिरड्याशिवाय रंग नीट धरत नाही, ही पायरी लोक गाळतात आणि मग झेंडूला नावं ठेवतात. लोखंडी कढई वापरू नका, लोखंड आणि हिरडा एकत्र आले की पिवळ्याचा काळपट होतो. (मुद्दाम हवा असेल तर मात्र बहार येते. जुने खिळे गुळाच्या पाण्यात घालून ठेवायचे.)

गोकर्णाच्या निळ्याच्या मोहात पडू नका. मी पडले. पांढऱ्या पंच्यावर सुंदर निळा आला, मिस्टरांनी त्यालाच लिंबाचे हात पुसले आणि पाच बोटं जांभळी उमटली. दोन धुण्यांत निळाही गेला आणि बोटंही.

पेठेतला_एक

नऊवारी कापू नयेत. डांबरगोळ्या घालून नीट ठेवाव्यात.

गच्चीवरची_माती (कराड)

@पेठेतला_एक, आईनं आयुष्यात एकही वस्तू नुसती ठेवली नाही. डालड्याच्या डब्यातसुद्धा तुळस होती.

बेळगावकरीण

उशिरा लिहितेय. कात्रीची भीती वाटते म्हणालात म्हणून कवंदीबद्दल सांगते. उत्तर कन्नडमध्ये यल्लापूर, हल्याळकडे सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले, बरेचसे पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेले. त्यातल्या अनेकांच्या घरात आजही कोंकणी बोलतात. त्यांच्या बायकांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. आधी आखणी नाही, कागदावर काही नाही. एका कडेपासून तुकडे दुमडून शिवत सुटायचं, चारही बाजूंनी फिरत फिरत आत सरकायचं, शेवटचा तुकडा मधोमध. पुढचा तुकडा कुठला, ते तिथं पोचल्यावर ठरतं. शेवटी चार कोपऱ्यांवर कापडाच्या जाड घड्यांचे त्रिकोण, त्यांना 'फुला' म्हणतात. फुला नसतील तर कवंदी उघडी राहिली असं मानतात.

माझ्याकडे एक आहे. तिच्याकडे बघून मला नेहमी न आखलेल्या परसाची आठवण येते, कुंपणाला घेवडा, मग अळू, मग केळ, आणि मधे उरली तेवढी मोकळी जागा.

गच्चीवरची_माती (कराड)

पाच आठवड्यांनी येतेय, रागावू नका.

पुठ्ठ्याची खिडकी केली. पहिल्यांदा अबोलीची कुंडी. वहीत लिहिलंय तसंच देते: वीस चौकोनांत तेरा हिरवे, तीन मातीचे, दोन वाळक्या पानांचे, एक काळी सावली, आणि अबोली रंगाचा एक! मी वीस वर्षं ही कुंडी अबोली रंगाची आहे असं समजून पाणी घालत होते. बरं, ते तेरा हिरवेही एकसारखे नाहीत. शेंड्याचा पोपटी, बुडाचा काळपट, आणि पान उलटलं की तिसराच, राखेसारखा. माझ्या सूर्यफुलाच्या चादरीत निम्म्याहून जास्त पिवळं होतं. टेबलफॅन होणारच.

मग सांगोल्याचं ऐकलं आणि हिरवी इरकल कापलीच नाही. दुमडून अख्खी वर घेतली. खाली सुती दोन, आत उरलेल्या तीन. कात्री लागली ती फक्त वांगी इरकलीला, तीही जिथं आईनं आधीच रफू केलं होतं तिथून. रफू हिरव्यावर असं लावलंय की मुद्दाम शोधल्याशिवाय दिसत नाही.

झेंडूचा रंग नाशिकच्या कृतीनं केला. हिरडा काष्ठौषधीच्या दुकानात मिळाला. पहिला घाणा बिघडला, कारण पातेलं स्टीलचं पण ढवळायला मी लोखंडी उलथनं घेतलं. कापड शेवाळी झालं. टाकणार होते, मग खिडकीतून बघितलं तर हा तर अबोलीच्या पानाची उलटी बाजू! ते वापरलं. दुसऱ्या घाण्याचं पिवळं इतकं चढलं की अख्ख्या गोधडीत चारच बोटांएवढे तुकडे लावायची हिंमत झाली.

टाके दोन दाट, एक लांब. कास राहिलं, गुडघे ऐकत नाहीत. शेवटी इरकलीच्या लाल पदराचे फुला करायला घेतले, पण वांग्याचा पदर तिघांतच संपला आणि हिरव्याला कात्री लावायची नव्हती. बेळगावकरीण, एका कोपऱ्याला फुला नसलेली चालते का हो? विचारून सांगा, तोवर तो कोपरा भिंतीकडे करून अंथरते.